खिशातली ऊब

बाबांना महिनाभर नळीनेच खाणं चाललं होतं. मागणं एकच, कपभर चहा. डॉक्टर म्हणाले होते, "आतड्यातले जंतू कामाला लागले की शौचातली आम्लं वाढतात. ती वाढली, तर तोंडाने सुरू करू."

आणि ती आम्लं मोजायचं काम नेमकं ताईचंच! प्रयोगशाळेत तिने नमुना तोलला, अ‍ॅसिड घालून फिरवला, वरचं पाणी यंत्रात सोडलं. या कामात ब्युटिरिक आम्लाचा खवट वास केसांत बसायचा, म्हणून बाबा तिला "लोण्याची बरणी" म्हणायचे. त्याच आम्लाची रेघ आज पडद्यावर सरसर वर चढली. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने डॉक्टरांना कळवलं, मग आता चहा मिळणार म्हणून बाबांना फोन केला.

"साखर घालणार ना?" बाबा म्हणाले. "नाहीतर राहू दे तो चहा."

नमुना घेऊन आलेला धाकटा भाऊ बाजूलाच उभा होता, खुशीत. "किती जपून आणलं मी! नर्सने बर्फाचा डबा दिला होता. म्हटलं, बाबांचं आहे, उगाच गारठेल. कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी धरून आणलं."

आता काय म्हणावं या वेड्याला! वाटभर त्या उबेत जंतू राबत राहिले होते. वाढलेली आम्लं बाबांच्या पोटातली नव्हतीच, खिशातली होती.

त्याला ती एका शब्दाने बोलली नाही. दुसरा नमुना स्वतः बर्फात घालून आणला. या खेपेला रेघ जेमतेम हलली. तिने डॉक्टरांना फोन करून ते सांगितलं. "मग चहा नको," ते म्हणाले. "आणि आता फार आशाही धरू नका."

ती दवाखान्यात शिरताच बाबांनी नाक मुरडलं. "आली लोण्याची बरणी! चहा कुठाय?"

धाकटा तिच्याकडे बघत होता.

"यंत्र बिघडलं होतं, बाबा." यंत्रावर खापर फोडणाऱ्यांना जन्मभर फैलावर घेणारी ताई हे म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

"अगं, त्यात रडायचं काय?" बाबा म्हणाले. "सावकाश दुरुस्त कर. मी कुठे जातोय?"

त्यांचे पाय गार पडले होते. धाकट्याने कोट काढून त्यांवर पांघरला.