पाचवा प्रश्न मालतीबाईंचा

पावसाळ्यात मालतीबाई कॅन्सरने गेल्या. होळीच्या आत हिलाल सर गेले, इच्छापोरच्या सिग्नलला, गाडीत बसल्या बसल्या हृदय थांबून. विद्यापीठात रंगरसायन शिकवणारे आम्ही तिघं होतो, उरले मी. दोन्ही शोकसभांचं सूत्रसंचालन माझ्याकडेच आलं. मी माईक तपासला, फोटोंना हार आणवले आणि जे लोक मालतीबाईंना जिवंतपणी कटकट म्हणायचे, त्यांनाच बाईंना माउली म्हणताना ऐकलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. एरवी मी अशा वेळी कुणाला सोडत नाही. पण मला काहीच वाटलं नाही, ना दुःख ना राग. हिलाल सरांना शेवटचं पोहोचवून लिंबायतला आईकडे गेले आणि वाढलेलं सगळं जेवले. आई बघतच राहिली. "तुले भूक तरी कशी लागस वं, नूतन?" म्हणाली. मी आणखी भात मागितला.

एप्रिलमध्ये पेपर तपासणी सुरू झाली आणि पहिल्याच गठ्ठ्यात घोळ लक्षात आला. पाचवा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग सुती कापडावर तुरटीशिवाय का टिकत नाही? नैसर्गिक रंगांचा हा भाग मालतीबाई शिकवायच्या. त्या गेल्यावर शिकवायला कुणी नव्हतं, शिवाय पोरं नोकरीला जातात त्या हजीऱ्याच्या कंपन्यांत मंजिष्ठा विचारतो कोण? म्हणून दिवाळीच्या बैठकीत तो भागच काढून टाकला. ठरावाला हात वर करणाऱ्यांत हिलाल सरही होते. आणि पेपर त्यांनीच काढला होता, थंडीत, एकट्याने. "तू राहू दे, नूतन, मी बघतो," म्हणाले होते.

या चुकीबद्दल अहवाल द्यायला समिती बसली. पोरांना त्या प्रश्नाचे सरसकट गुण द्यायचे, हे चहा यायच्या आतच ठरलं. चूक कुणाच्या नावावर टाकायची, एवढंच राहिलं. अध्यक्ष देसाईसाहेब माणूस भला. म्हणाले, "छापखान्याची चूक लिहू. जुन्या पेपरातला प्रश्न चुकून छापला गेला. मरी गयेला माणसनुं नाम शा माटे बगाडवुं, नूतनबेन? कशाला खराब करायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कागद माझ्यापुढे आला. विषयाची प्रमुख आता मीच, त्यामुळे सही माझी हवी होती. इतके महिने पुढे येईल त्या कागदावर मी सही करतच होते, हीही केली असती. पण त्याआधी प्रश्न पुन्हा एकदा वाचला, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. 'तुरटी मिळाली नाही तर तुम्ही काय कराल?' हे शेपूट मालतीबाईंचं. दर वर्षी असायचं.

आमचा पेपर एकाच टेबलावर निघायचा. पहिले दोन प्रश्न हिलाल सरांचे, मधले दोन माझे, शेवटचा बाईंचा. त्यांनी प्रश्न वाचला की हिलाल सर म्हणायचे, "झालं, पोरं मेली." या वेळी सरांनी मधले दोन माझ्यासारखे काढले होते आणि पाचवा बाईंसारखा. गेलेल्या माणसाचं पान घरात कधी कधी चुकून वाढलं जातं, तसं झालं होतं. आणि ते पान आता छापखान्यातल्या कुणा अनोळखी माणसाच्या नावावर जाणार होतं.

मला संताप आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तेही भर समितीत.

"छापखान्याची चूक नाही, साहेब. हिलाल सरांची आहे. त्यांच्याच नावावर लिहा."

"अरे बेन, ते तर तुमचे खास होते!"

"होते म्हणूनच सांगतेय. प्रश्न त्यांनी घातलाय, मालतीबाईंचा म्हणून घातलाय. तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नका."

देसाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. "यात शिक्षा असते, खबर छे ने? मेलेल्या माणसाला शिक्षा करू?"

"नियमात असेल ती करा."

कुणीतरी हसलं.  मग साहेब परीक्षा विभागाच्या ललितला म्हणाले, "लखो." ललितने संगणकात नाव घातलं. बाकीचा मजकूर ठरलेला असतो, तो त्याने एका सुरात वाचून दाखवला. सदर शिक्षकांना परीक्षेच्या कामातून तीन वर्षांसाठी दूर ठेवण्यात येत आहे. मुदत संपल्यावर ते पुन्हा कामावर येऊ शकतील.

मी सही करायला वाकले आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. देसाईसाहेब घाबरून पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाले, "नाव काढून टाकू, बेन, आत्ता काढून टाकू." मी नुसती 'नको' म्हणून मान हलवत राहिले. मला त्यांना सांगायचं होतं, तीन वर्षं चालतील, मी थांबते.