वीस तारखेनंतर

धाकटा एकसष्ट वर्षांचा होता. डोक्यावर केस उरले नव्हते, नात शाळेत जायला लागली होती, तरी घरात आणि घराबाहेर तो धाकटाच. कारण वर दादा होता, आणि दादा खोलीत असला की बाकीचे सगळे आपोआप लहान व्हायचे.

दादाने छत्तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, सगळं त्याच्या डोक्यातून कागदावर आणि कागदावरून थांब्यांवरच्या पाट्यांवर. गाडी चुकायची, दादाचा आकडा चुकायचा नाही. त्यामुळे दादाने तारीख सांगितली की ती कुणी पडताळून बघत नसे. धाकटा तर नाहीच नाही.

धाकट्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दिवसभर मेण, साचे आणि दुसऱ्याचे जबडे. डोळे आणि बोटं बारीक कामाला सरावलेली, म्हणून दादाच्या माश्याही तोच बांधायचा. दादाला एकच नाद होता, नदीवरच्या मासेमारीचा, आणि तीसुद्धा साधी नाही. गळाला किडा लावायचा नाही. पिसं, दोरा आणि जरासे केस गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी अलगद सोडायची की माशाला खरी वाटली पाहिजे. दर हिवाळ्यात धाकटा दुकान बंद झाल्यावर चाळीस-पन्नास माश्या बांधून द्यायचा. वहिनी म्हणायच्या, "रिकामटेकडे लोक माश्या मारतात, आमच्याकडे दोघं भाऊ माश्या बांधतात."

नदीवर मात्र धाकटा कधी गेला नव्हता. वर्षातून आठ-दहा दिवस त्या नदीतून फिकट पंखांची माशी वर येते, हजारोंनी येते, आणि मासे भुकेने वेडे होतात, एवढं तो ऐकून होता. "कधी येते रे ती?" असं त्याने किती वेळा विचारलं असेल. दादा म्हणायचा, "मे महिन्यात, वीस तारखेनंतर. नेईन तुला एकदा." पण दादा बारा महिने मार्गांच्या तपासणीला फिरतीवर, निवृत्तीनंतरही सल्ला द्यायला फिरतीवरच, त्यातला नदीवरचा दौरा कुठला आणि कामाचा कुठला, याचा वहिनींनाही थांग लागत नसे. तो परत आला आणि पिशवीला पाण्याचा वास आला की कळायचं, हे जाऊन आले. मग धाकटा हसून म्हणायचा, पुढच्या वर्षी.

जानेवारीत दादाच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. छत्तीस वर्षं सगळ्या गावाला वेळा सांगणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला. आधी. पाणी हवं असलं तरी आधी, नको असलं तरी आधी. मान हलवायचा, पण हो-नाहीची कधी कधी अदलाबदल व्हायची. चहा हवा का म्हटलं की नाही म्हणून मान हलवायचा आणि कप हातातून ओढून घ्यायचा. डॉक्टरांनी समजावलं, की असं होतं, एखादा शब्द मागे राहून जातो, त्यात अर्थ शोधत बसू नका, तुम्हालाच त्रास होईल.

मार्चच्या अखेरीस धाकट्याने डॉक्टरांना नदीबद्दल विचारलं. "न्यायचं तर यंदा न्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचं मी काही बोलत नाही."

तर असा हा बेत ठरला. आणि बेत ठरवायचा म्हणजे दोनच गोष्टी ठरवायच्या होत्या, कधी जायचं आणि कुठे उतरायचं. दोन्ही नीट जमल्या तरच काही अर्थ. आठ दिवस मागेपुढे झाले की नदी म्हणजे नुसतं वाहतं पाणी. धाकट्याला हे माहीत होतं, म्हणून तो दादाची वही घेऊन बसला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो, समोर वहिनी, आणि खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत दादा.

वहीत सगळं होतं. दादाच्या रेखीव अक्षरात वर्षवार तारखा, पाण्याची उंची, वारा, कुठली माशी चालली. बावीस मे. चोवीस मे. एकवीस मे. एकही नोंद वीसच्या आतली नाही. मुक्काम दरवर्षी एकच, बंधाऱ्याखाली खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईंकडे, खालची खोली.

"तिथे काही नको," वहिनी म्हणाल्या. "तिथून दवाखाना दीड तास लांब. शहरात चांगलं हॉटेल आहे, लिफ्ट आहे, समोर इस्पितळ. दिवसा जा, संध्याकाळी या."

"माशी संध्याकाळीच वर येते, वहिनी. ऐन वेळी आम्ही गाडीत असू."

"भावोजी, तुम्हाला मासे हवेत, मला माणूस हवाय."

खरंच होतं ते. पण त्याने हट्ट सोडला नाही. दादासमोर आयुष्यात कधी हट्ट केला नव्हता, तो सगळा त्याने वहिनींसमोर केला. दादाने बंधाऱ्याखालचीच खोली का निवडली असेल, उंबरा किती उंच, नदी किती पावलांवर, हे फोन करून विचारतो म्हणाला. शेवटी वहिनी नमल्या. औषधांची पिशवी मी भरीन आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, एवढ्या अटीवर.

"मग ठरलं," धाकटा दादाकडे वळून मोठ्याने म्हणाला. वाचा गेलेल्या माणसाशी लोक उगाच मोठ्याने बोलतात. "बंधाऱ्याखालची खोली. एकवीस तारखेला निघायचं. बरोबर ना, दादा?"

दादाने मान हलवली. नाही.

"आधी," तो म्हणाला.

"खोली नको का?"

"आधी. आधी." डावा हात त्याने खुर्चीच्या दांडीवर आपटला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं.

"आधी चहा म्हणत असतील," वहिनी उठल्या. "सकाळचा गार झाला होता. आणि मान काय, उलटसुलट होते त्यांची, तुम्हाला माहितीय."

चहा आला. दादाने कप घेतला नाही. त्यापुढचे कितीतरी दिवस, कॅलेंडरकडे लक्ष गेलं की तो त्या एका शब्दाचा घोष लावायचा, आणि धाकटा त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणायचा, "हो रे, जायचंय, जायचंय." दादाला आनंद झालाय असं त्याला मनापासून वाटत होतं. वाटणारच. दुसरं काही वाटायला वहीत जागाच नव्हती.

फोनवर बाईंची सून बोलली. खोली रिकामी आहे का, असं धाकट्याने धाकधुकीने विचारलं. "आहे की," ती म्हणाली. "हवी ती घ्या, सगळ्याच रिकाम्या आहेत." धाकट्याला हर्ष झाला. ऐन हंगामात सगळ्या खोल्या रिकाम्या का, हा प्रश्न कवळी बनवणाऱ्याला पडायला काही हरकत नव्हती. पडला नाही.

एकवीसला दुपारी ते पोचले. घर दगडी, बुटकं, दारापासून नदी साठ पावलांवर. दारातल्या खुंट्यांवर ओले बूट टांगायची सोय, पण खुंट्या रिकाम्या. बाई सत्तरीच्या, एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. दादाची खुर्ची बघून जागच्या जागी थांबल्या.

"अहो साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "तरीच. तरीच यंदा आला नाहीत. मी सात तारखेपर्यंत खोली कुणाला दिली नाही. म्हटलं, साहेब आणि चुकतील?"

"सात?" धाकटा म्हणाला.

"पाच ते बारा. दरवर्षी. यंदा तर अशी माशी आली, की दिवा लावायची सोय नव्हती, खिडक्या पांढऱ्या झाल्या." मग धाकट्याच्या तोंडाकडे बघून त्या गडबडल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्ही आज आलात, साहेब दरवेळी याच्या पंधरा दिवस आधी येतात."

आधी.

धाकट्याने दादाकडे बघायचं टाळलं. "वहीत वीसच्या पुढच्या तारखा आहेत," तो म्हणाला. आपला आवाज तक्रारीचा आहे असं त्याचं त्यालाच वाटलं.

बाई हसल्या. बिचाऱ्या, त्यांना काय कल्पना! "ती वही होय! त्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी एकदा जुनी वही चोरून वाचली होती, आणि पुढच्या वर्षी नदीच्या वळणावर, साहेबांच्या जागी, पाच माणसं उभी. तेव्हापासून साहेब नव्या वहीत पंधरा दिवस पुढची तारीख टाकतात. म्हणायचे, वाचणारा हात हलवत परत जाईल. इथे आले की आठ दिवस कुणाशी बोलायचे नाहीत हो. म्हणायचे, वर्षातले एवढेच दिवस मला कुणी काही विचारत नाही."

संध्याकाळी धाकट्याने खुर्ची वळणावर नेली. पाणी स्वच्छ, मोठ्या दगडांवरून घसरत चाललेलं, आणि वर काही नाही. एक माशी नाही. तळाशी सावलीत दोन मासे नाक प्रवाहाकडे करून पडले होते, पोट भरलेले, सुस्त. धाकट्याने गमबूट चढवले, गुडघाभर पाण्यात उतरला आणि हिवाळ्यात बांधलेली माशी टाकत राहिला. दोरी कधी पाठीमागच्या झुडपात अडकायची, कधी त्याच्याच टोपीत. मासे हलले नाहीत. वेळ गेल्यावर पाण्यातली लांडी-लबाडीही चालत नाही.

तो वर आला आणि दादाच्या शेजारी दगडावर बसला. पाय गारठले होते. त्याला दोन महिन्यांतली ती प्रत्येक वेळ आठवत होती, दांडीवर आपटणारा हात, कॅलेंडर, न घेतलेला चहा. माणसाकडे एकच शब्द होता आणि तोच नेमका बरोबर होता, आणि आपण त्याला थोपटत बसलो. त्याला स्वतःची शिसारी आली. आणि त्याच्या खालून, दाबून ठेवलेलं दुसरंच काही वर आलं.

"कचेरीतल्या लोकांपासून लपवलंस, ते मला समजतं," तो म्हणाला. "पण मी तुला तोंडाने विचारलं होतं, दादा. एकदा नाही, दरवर्षी. मी काय वळणावर पाच माणसं घेऊन येणार होतो?"

दादा पाण्याकडे बघत होता.

"मी चाळीस-चाळीस माश्या बांधायचो. डोळे गेले माझे. तू त्या घेऊन जायचास आणि मला सांगायचास वीस तारखेनंतर. म्हणजे मी कधी स्वतःहून आलोच, तर तू जाऊन आलेला असशील." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी यायला नको होतं का तुला? तेवढं सांग. मी इथे नको होतो?"

दादाने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, ती धाकट्याने सवयीने पुसली. मग दादाने मान हलवली. वरून खाली, सावकाश, एकदा. हो.

दोन महिने ज्या मानेवर धाकट्याने विश्वास ठेवला नाही, तिच्यावर त्याने या वेळी ठेवला.

त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, उलटंसुलटं करून दोनदा, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. त्याने गमबूट काढले, खुर्ची वळवली आणि घराकडे ढकलू लागला. रात्री दादाला भरवलं, गोळ्या दिल्या, कुशीवर वळवलं, सगळं नेहमीसारखं, फक्त बोलला नाही. वहिनींना फोनवर म्हणाला, "उद्या येतोय. हवा बरी नाही."

खोली चार दिवसांसाठी घेतली होती. सकाळी बाई म्हणाल्या, "राहा की, मासे नसले म्हणून काय, साहेब नुसते बसायचेही तासन् तास. बसू द्या त्यांना."

"त्यांना एकट्याला आवडतं," धाकटा म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला वाटलं हे बोलायला नको होतं, पण तोवर तो बॅग उचलून निघाला होता.

अंगणाच्या फाटकाशी खुर्ची अडली. दादाने डाव्या हाताने फाटकाचा खांब धरला होता.

"सोड, दादा."

दादा खांब घट्ट धरून नदीकडे बघत राहिला. धाकट्याने खुर्ची जरा मागे घेतली, पुन्हा पुढे ढकलली. हात सुटला नाही. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदरासारखं एप्रनचं टोक धरलं.

धाकटा पुढे आला, वाकला आणि दादाची बोटं सोडवू लागला. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. एकही बोट दुखू दिलं नाही. तसं त्याचं कामच होतं, लोकांच्या तोंडात हात घालायचा आणि कळू द्यायचं नाही. जन्मात पहिल्यांदा तो दादाच्या मनाविरुद्ध काही करत होता आणि ते त्याला सहज जमत होतं.

गाडीत त्याने दादाला बसवलं, पट्टा लावला, गुडघ्यांवर कांबळं टाकलं. गार वारा सोसत नाही म्हणून काच वर केली. रस्ता चढाचा होता आणि पहिले तीन-चार मैल नदी मागच्या काचेत दिसत राहिली. दादाला मागे वळता येत नव्हतं. आरसा धाकट्याच्या बाजूला होता. गाडी थांबवावी, तोंड फिरवून उभी करावी, असं त्याला दोनदा वाटलं. पुढे वळण आलं, मग नदी दिसेनाशी झाली.