तापाचं भाषांतर

घरमालकीणबाईंनी पालथा हात मुलीच्या कपाळाला टेकवला, चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला आणि डोळे मोठे करून पुन्हा बोलायला लागल्या. हातवारे तर असे, की टेबलावरची कपबशी दोनदा थोडक्यात वाचली.

"काय म्हणतात गं?" लेकीला भेटायला परदेशी आलेल्या सिस्टरने विचारलं.

"म्हणतात, इथे थंडी फार असते," मुलगी म्हणाली.

एवढ्या लांबलचक कहाणीचं एवढंसंच भाषांतर! सिस्टरने चहाचा घोट घेतला. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेली बाई ती. गल्लीतली पोरंसोरंही तिला सिस्टरच म्हणायची. मुलीने परदेशी शिकायचं ठरवलं तेव्हा तिने एकच अट घातली होती. आजारी पडलीस तर शिक्षणबिक्षण पुरे, सरळ घरी. नवऱ्याने समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं, पण अट काही हलली नाही. परक्या मुलखात पोर अंथरुणाला खिळलं आणि पाणी द्यायलाही कुणी नसलं तर, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागायचा.

सकाळी मुलीने गाव फिरवून दाखवलं होतं. शेकडो वर्षांचं विद्यापीठ, शिकणाऱ्यांच्या पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या दगडी पायऱ्या, छतापर्यंत भिडलेली पुस्तकं. सिस्टर सगळ्याला छान छान म्हणत होती, पण नजर मुलीच्या उतरलेल्या गालांवरून हलत नव्हती.

बाई आता फडकं पिळत होत्या, म्हणजे हवेतच. ते झटकून त्यांनी घडी घातली आणि मुलीच्या कपाळावर ठेवलं. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या, पेंगल्या, दचकून जाग्या झाल्या. पुन्हा कपाळाला हात.

"आणि आता?"

"आता... घर स्वच्छ ठेवावं लागतं म्हणतात. पुसून-बिसून."

सिस्टरला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. किती परक्या माणसांच्या उशाशी तिने रात्री काढल्या होत्या, त्याला गणती नव्हती. आपल्या लेकीच्या उशाशीही कुणीतरी बसलं होतं, हे मात्र तिला आज कळत होतं. लपवल्याचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. उठून या बाईंच्या पाया पडावं, एवढंच वाटत राहिलं.

तिने कप खाली ठेवला.

"आता माझं सांग त्यांना. जसंच्या तसं, काटछाट न करता. म्हणावं, माझी लेक तापली तेव्हा तुम्ही जागलात. हे उपकार फिटायचे नाहीत. शिक्षण पुरं होईपर्यंत ती तुमच्या हवाली."

मुलगी बघतच राहिली.

"आई, तुला कसं..."

"नोकरी काय झोपा काढून केली मी? सांग त्यांना."

मुलीने सांगितलं. सांगताना मध्येच थांबली, नाक पुसलं, पुन्हा सुरुवात केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सिस्टरचा हात हातात घेतला आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "आई."

सिस्टर चमकली.

"हे कुणी शिकवलं यांना?"

"मीच." मुलगी खाली बघत म्हणाली. "तापात तुला हाका मारायचे ना. अर्थ त्यांना कळायचा नाही. पण मी हाक मारली, की त्या ओ द्यायच्या."