ह्ये-रानच्या फोनवर येणारे आकडे

आमचा चष्म्याच्या फ्रेम बनवायचा कारखाना दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या जुन्या औद्योगिक भागात आहे. माणसं मोजकीच, मी पॉलिशवर असते. मालक सांग-ऊक आणि त्यांची बायको ह्ये-रान यांनी मिळून तो उभा केला. मुलगा सन-ऊ सैन्यातली सक्तीची नोकरी पुरी करून घरी आला, त्या वर्षी दोघांनी घटस्फोट घेतला. भांडण असं कोणी ऐकलं नाही. बोलणंच संपलं होतं.

ह्ये-रान समुद्रकाठच्या पोहांगला बहिणीच्या सुक्या मासळीच्या दुकानात गेल्या. वाटणी सरळ झाली, एक गोष्ट मात्र राहिली. पूर्वी एकदा कॉम्प्युटर जळून जुनी डिझाइन्स गेली होती. तेव्हापासून त्यांनी सगळी डिझाइन्स आणि ऑर्डरी क्लाउडवर ठेवल्या होत्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या, कुठेतरी लांबच्या कॉम्प्युटरवर. खातं त्यांच्या नावावर. रोज सकाळी ते उघडताना आकड्यांचा कोड यायचा, तोही त्यांच्याच फोनवर. कोड नाही तर डिझाइन नाही, आणि डिझाइन नाही तर कापायचं मशीन बंद.

मालक रोज स्पीकरवर फोन लावायचे. हाक काय मारावी ते त्यांना कळत नसे.

"हां... मीच."

ह्ये-रान आकडे वाचायच्या आणि फोन ठेवायच्या. काही महिने असंच चाललं. मग एकदा आकड्यांनंतर त्या म्हणाल्या, "ती निळी फ्रेम नाकाला रुतेल. नाकावरची कमान रुंद करा."

"तू डिझाइन्स बघतेस?"

"खातं माझ्या नावावर आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मग काय मासे मोजत बसू?"

मालक पुटपुटले. पण कमान रुंद केली.

आम्ही मालकांना सांगून बघितलं, की ह्ये-रानकडून खात्यात तुमचा नंबर टाकून घ्या, मिनिटाचं काम आहे. ते म्हणायचे, "बघू."

एका सकाळी फोन लागलाच नाही. परत परत लावला. मशीनवाला बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला. सन-ऊला फोन केल्यावर कळलं, आई दुकानात पडली, मनगटाचं ऑपरेशन झालंय. "तिनेच सांगितलं होतं, बाबांना कळवू नकोस," तो म्हणाला.

मालक कोट अडकवून गाडी काढून गेले. पुढचं ह्ये-राननी मला नंतर सांगितलं. मालक नाशपती घेऊन हॉस्पिटलात आले आणि खाटेशेजारच्या खुर्चीत बसून सोलत राहिले. कोडचं नावही काढलं नाही. शेवटी ह्ये-राननीच विचारलं, "सन-ऊचे बाबा, कारखाना बंद ठेवून आलात?"

"हो."

"वेडे आहात का? माझा फोन द्या तो इकडे."

डाव्या हाताने त्यांनी आपला फोन चालू केला, खातं मालकांच्या नावावर केलं आणि नंबरही त्यांचाच घातला. "आता रोज फोन करायला नको."

"बरं," मालक म्हणाले. नाशपतीची फोड त्यांनी पुढे केली. ती ह्ये-राननी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून कोड मालकांच्या फोनवर येऊ लागला. काम वेळेवर सुरू व्हायचं. मालक मात्र दुपारी कॉम्प्युटरसमोर नुसते बसायचे. काही दिवसांनी त्यांनी मलाच विचारलं, "एका खात्यात दुसऱ्या माणसाला घेता येतं का गं? त्याच्या स्वतःच्या नावाने?"

"येतं की. पगारी माणूस म्हणून?"

"ते ती ठरवेल."

निरोप मी पाठवला. ह्ये-राननी पगार मागितला, तो त्यांना मिळतो. मनगट बरं झाल्यावर पोहांगहूनच त्या डिझाइन्स तपासायला लागल्या. पडद्यावर डिझाइनच्या कडेला त्यांचं वाक्य उमटतं: "डावी काडी लांब झालीय." खाली मालकांचं: "मोजून बघतो." मग कधीतरी: "बरोबर आहे तुझं."

लोक विचारतात, परत एकत्र आले का. नाही आले. मालक भाड्याच्या खोलीत एकटेच राहतात आणि ह्ये-रान मासे विकतात. यंदाच्या फ्रेमी मात्र नाकाला रुतत नाहीत, असं दुकानदार सांगतात.