एक जूनच्या उंबऱ्यावर

मी चाळणी बोलतेय. पिठाची नव्हे, लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमधली. मला जाळी नाही, फक्त एक तारीख आहे. तिच्या आधी जन्मलेली माणसं मी यादीत धरते, बाकीची गाळते.

मला नांदेडच्या अमरेश नावाच्या प्रोग्रामरनं घडवलं. मोतीबिंदूच्या फुकट ऑपरेशनसाठी एक जूनला पासष्ट पूर्ण झालेली माणसं हवी होती. म्हणजे १ जून १९६० ला किंवा त्याआधी जन्मलेली. गड्यानं घाईत 'एक जूनच्या आधी' एवढंच लिहिलं आणि जेवायला गेला. तो एक दिवस बाहेरच राहिला.

एका दिवसानं काय बिघडतं, म्हणाल. अहो, आमच्याकडं जुन्या पिढीतलं पोर पोळ्याला जन्मो की संक्रांतीला, शाळेत नाव घालताना मास्तर डोळे झाकून एक जून लिहायचे! त्या एका तारखेची सत्तावीस माणसं मी गाळून बसलेय.

आज शिबिराचा शेवटचा दिवस. मुरुडच्या सिंधुबाई सून दीपमालाचा हात धरून खिडकीशी आल्या. डावा डोळा गेलेलाच. उजव्याला तव्यावरची भाकरी करपलेलीही दिसत नाही. यादी बघणाऱ्या तनुजानं बटण दाबलं. मी त्यांना गाळलं. मला दुसरं काही येतच नाही.

"मावशी, तुमचं नाव येईना. वयात बसंना म्हणायलंय."

"आधारवर एक जून साठच हाय की ओ ताई," दीपमाला म्हणाली.

"हाव, पण कॉम्प्युटर घेईना. मी काय करू?"

"बाई, मी तुमच्या म्होरं हुबी हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "मी दिसना व्हय तुमाला?"

तनुजानं मान खाली घातली आणि तेच बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा. माणसांचं हे असंच. कोण सापडलं, एवढंच मला विचारतात. कोण गळलं, हे आजवर एकानंही विचारलं नाही. आणि मला ती सत्तावीस नावं गावांसकट पाठ आहेत हो!

पाच वाजता नोंदणी बंद होईल. आत एक खाट रिकामी आहे, हेही मला ठाऊक आहे. लाजेनं मेल्यासारखं होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. त्या अमरेशला कुणीतरी फोन लावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लवकर लावा, दाराशी सिंधुबाई पायानं चपला चाचपडायला लागल्यात.