जुन्या मोरूचं दहावं

चौऱ्याहत्तर साली दापोड्याच्या मोरूचा नवा जन्म झाला, तेव्हा त्याचे केस पिकले होते आणि गुडघे दुखत होते. बाप्तिस्मा वज्रेश्वरीजवळ, तानसा नदीत.

"पाळकसाहेब, पलीकडं गरम पाण्याची कुंडं हायेत," मोरूने हळूच सुचवलं. नवा जन्म त्याला मनापासून हवा होता, फक्त कोमट.

पाळकांनी त्याला गार पाण्यातच बुडवून काढलं. म्हणाले, "जुना माणूस मेला, मोरूभाऊ. ख्रिस्तात तुम्ही नवे झालात."

मोरूने हे जरा जास्तच मनावर घेतलं. भिवंडीला लूमवर कामाला जाताना धाकट्या भावाला, लडकूला, तो रोज सुनावू लागला. बिडी सोड. शिवी सोड. माझ्याकडं बघ, कसा झालोय!

"नवं जन्मलेलं पोर रडतं," त्याची बायको ठमाबाई म्हणाली. "तुमी आल्या आल्या भाषण ठोकता."

लडकूने बोलणं टाकलं. लहानपणापासून एका ताटात जेवलेला भाऊ मान फिरवून जाऊ लागला. मोरूने आधी त्याला क्षमा केली, मोठ्या मनाने. लडकूने ती घेतली नाही. मग मात्र मोरूला घास जाईना.

बाप्तिस्म्याच्या दहाव्या दिवशी लडकू डोकं तासून शेताच्या बांधावर पिंड मांडून बसला.

"ह्ये काय रं?" मोरू धावत गेला.

"जुना मोरू मेला ना? तो माझा दादा होता. त्याचं दहावं घालतोय. तू कोण, मला म्हाईत न्हाय."

गाव जमलं. स्वतःच्या दहाव्याला हजर राहायचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. चिंचेवर कावळे होते, पण एकही पिंडाला शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली, की कावळा शिवत नाही.

"दादा, तुझ्या पोरांना बघीन," लडकू पिंडाला म्हणाला. कावळा ढिम्म. "वैनीला सांभाळीन."

"मला काय धाड भरलीय?" ठमाबाई म्हणाली.

"काय तरी राहिलंय मेल्याचं," म्हातारी पुतळाबाई पुटपुटली, आणि सगळ्यांनी मोरूकडे पाहिलं. सांगणार तर तोच.

मोरूला कळलं होतं. नदीत बाकी सगळं बुडालं, ताठा तेवढा नाकासकट वर राहिला. तो गुडघे सांभाळत लडकूशेजारी मातीत बसला.

"लडकू, मी मोठा न्हाय रं झालो. आता कुठं जन्मलोय. पडलो तर हात दे. आन् मला दादा म्हण. येवढीच इच्छा हाय."

चारचौघांत, भर दुपारी, तो भोकाड पसरून रडला.

"दादा," लडकू म्हणाला, "शेंबूड पूस."

"आत्ता जन्मलं," ठमाबाई म्हणाली.

मागे पिंडावर कावळ्यांची झुंबड उडाली, पण ती पाहायला कुणाला सवड नव्हती. लडकूने खिशातून बिडी काढली. मोरूने तोंड उघडलं, परत मिटलं, आणि काडी ओढून पुढे धरली.