बोंबलांशेजारचे बोल्ट

वर्सोव्याची हवा इतकी खारट, की तिथे कोणी तोंड उघडं टाकून झोपलं तर कवळीच्या तारेला गंज चढतो. मी स्वतः पाहिलाय. अशा हवेत सहदेवने आपले बोल्ट टांगले, बोंबील वाळतात त्या बांबूंवर.

जोगेश्वरीत त्याचा लोखंडावर मुलामा चढवायचा गाळा. वर्षानुवर्षं होडीवाल्यांच्या बोल्टांवर पिवळ्या क्रोमचं काम. क्रोमच्या टाकीपाशी उभी राहायची बायको वनमाला. त्या वाफेने तिच्या नाकातून रक्त यायला लागलं, तेव्हा तिने जस्त-निकेलचा कमी जहरी मुलामा शोधून काढला आणि बजावलं, "ती टाकी जाईल, नाहीतर मी गाळ्यात पाय ठेवणार नाही."

"आणि बोल्ट गंजले तर? होडीवाले सगळे पळतील गं!"

शेवटी ठरलं, नव्या मुलाम्याचे बोल्ट होडीवाल्या धाकूकडे टांगायचे, त्याने रोज त्यांना खाऱ्या पाण्याने भिजवायचं. होळीपर्यंत तांबडा गंज दिसला नाही, तर जुनी टाकी बंद.

झालं, सहदेवची झोप उडाली. इतकी, की भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला जांभया सुटल्या. रोज सकाळी स्वारी वर्सोव्यात. बोल्ट हुंगायचा, कानाला लावायचा. मांजरं बोंबील सोडून त्याच्याकडे बघत बसायची.

होळीच्या आदल्या सकाळी धाकूने त्याचा हातच धरला. "अरे, किल्लीने काय खरवडतोयस?"

"आतलं लोखंड ठीक आहे ना, तेवढंच बघतो रे."

"रोज?"

सहदेवने किल्ली पाठीमागे लपवली. एकूण एक बोल्टवर ओरखडे. धाकूने तिथूनच फोन लावला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याने वाट लावली!"

वनमाला रिक्षाने धावत आली. एकेक बोल्ट उन्हात धरला. ओरखड्यांत पांढुरकी भुकटी होती, तांबडं काही नाही.

"जस्त आधी स्वतः झिजतं," ती म्हणाली, "उघड्या पडलेल्या लोखंडाला गंजू देत नाही. होडीवर तरी ओरखडे चुकतात का?"

"माझ्या होडीला हेच लाव," धाकू सहदेवला म्हणाला.

"पण बाकीचे होडीवाले..." सहदेव सुरू झाला.

"त्यांना हेच दाखवू," वनमाला म्हणाली, " ओरखड्यांसकट. चला आता."

गाळ्यावर पोचताच सहदेव जुन्या टाकीतलं पाणी बादलीत भरून मोरीकडे निघाला.

"गटारात ओतताय? अख्ख्या जोगेश्वरीचं नाक फोडायचंय?"

जहरी पाणी नेणारी गाडी बोलावली. ती येईतो त्याने टाकीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या, की लादी खचली. पंप सुरू झाला, पिवळं पाणी उतरू लागलं.

"नक्की ना गं?"

वनमालाने जुन्या टाकीची वायर उपटली आणि धाकूच्या होडीचे बोल्ट जस्त-निकेलच्या नव्या टाकीत सोडले.